चौक-सुधारणा

(वाहतूक अभियांत्रिकी). दोन किंवा अधिक रस्ते एकाच पातळीवर मिळतात त्या जागी अपघात व खोळंबा कमी व्हावा म्हणून चौकाची आखणी, अग्रहक्काचे नियम, रस्त्यावरील पट्टे आणि सिग्नल यांत केले जाणारे बदल. गर्दीच्या चौकात रस्ता अरुंद असण्यापेक्षा आधी कोणी जायचे हे स्पष्ट नसणे हाच दोष पुष्कळदा मोठा असतो. म्हणून रुंदीकरण हा सर्वांत शेवटी योजायचा उपाय मानणे श्रेयस्कर.

प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेले दोन दुहेरी रस्ते छेदतात, तेव्हा वाहनांचे मार्ग ३२ बिंदूंवर एकमेकांच्या आड येतात : १६ छेदनबिंदू, ८ मीलनबिंदू (जेथे दोन प्रवाह एक होतात) आणि ८ विभाजनबिंदू (जेथे एक प्रवाह दोहोंत फुटतो). तिठ्यावर ही संख्या ९ भरते. चार तोंडांच्या, एका मार्गिकेच्या वर्तुळाकार चौकात ती ८ असते व त्यांत छेदनबिंदू एकही नसतो. काटकोनी धडक छेदनबिंदूवर होते आणि तीच अधिक जीवघेणी ठरते. त्यामुळे एकूण संख्येपेक्षा ही विभागणी महत्त्वाची. समोरची वाहतूक कापून घेतले जाणारे वळण विशेष धोक्याचे असते. त्याला वेगळी मार्गिका व वेगळा हिरवा बाण देतात, किंवा ते चौकात बंद करून पुढे दुभाजकातील मोकळ्या जागेतून यू-टर्न घ्यायला लावतात.

सिग्नलच्या उगमाबद्दल एकमत नाही. लंडनमध्ये संसद भवनाबाहेर १० डिसेंबर १८६८ रोजी उभारलेला खांब हा पहिला वाहतूक सिग्नल, असे सामान्यतः मानतात. रेल्वे अभियंता जे. पी. नाइट यांच्या कल्पनेतला हा सिग्नल दिवसा हातांनी व रात्री तांबड्या-हिरव्या वायुदीपांनी इशारा देई. जानेवारी १८६९ मध्ये गॅसगळतीने त्याचा स्फोट झाला. त्यात पोलीस शिपाई ठार झाल्याचे काही ग्रंथांत म्हटले आहे. तो जखमी झाला, एवढेच सावध विधान अधिक ग्राह्य वाटते. विजेच्या सिग्नलचा मान कोणी सॉल्ट लेक सिटीतील लेस्टर वायर यांना (सु. १९१२) देतात, तर कोणी क्लीव्हलँड येथे ५ ऑगस्ट १९१४ रोजी सुरू झालेल्या यंत्रणेला. वायर यांचा सिग्नल हा स्थानिक प्रयोग असल्याने अभ्यासकांचा कल क्लीव्हलँडकडे दिसतो. चारही दिशांचा तिरंगी सिग्नल डेट्रॉइटमध्ये विल्यम पॉट्स यांनी १९२० च्या सुमारास आणला. गॅरेट मॉर्गन यांच्या १९२३ च्या पेटंटाला तिरंगी दिव्याचे श्रेय देण्याचा प्रघात आहे, पण ते दिव्यांचे नसून फिरत्या हातांच्या खांबाचे होते. मात्र सर्व दिशांना एकदम थांबवणारी तिसरी स्थिती त्यात होती. आजच्या ‘सर्व तांबडे’ कालखंडाशी तिचे नाते उघड आहे.

वर्तुळाकार चौकाचा इतिहासही असाच वादाचा आहे. न्यूयॉर्कचे कोलंबस सर्कल (सु. १९०५, विल्यम एनो) की पॅरिसचा एत्वाल चौक (१९०७, यूजेन एनार), हा वाद दोन्ही बाजूंनी हिरिरीने मांडला जातो. तथापि त्या वर्तुळांना आजच्या वर्तुळाकार चौकाचे पूर्वज म्हणावे, आद्यरूप नव्हे. त्या काळी पुष्कळ ठिकाणी आत शिरणाऱ्या वाहनाला अग्रहक्क असे. गर्दी वाढली की वर्तुळ शिरणाऱ्यांनी भरून जाई, बाहेर पडणाऱ्यांना वाट मिळेना, आणि सगळा चौक जागच्या जागी आवळला जाई. ब्रिटनने नोव्हेंबर १९६६ मध्ये हा क्रम उलटा केला व शिरणाऱ्याने फिरत्या वाहतुकीला वाट द्यावी असा नियम घातला. त्याच सुमारास ब्रिटिश अभियंता फ्रँक ब्लॅकमोर यांच्या प्रयोगांतून लहान वर्तुळेही पुरतात असे दिसून आले. तेव्हा आधुनिक वर्तुळाकार चौकाचा आरंभ १९६६ पासून धरणे युक्त होय. अमेरिकेत वर्तुळाकार चौकांत रूपांतर केलेल्या सुमारे दोन डझन चौकांच्या अभ्यासात माणसे जखमी होणारे अपघात साधारण तीन-चतुर्थांशाने घटल्याचे आढळले. अनेक मार्गिकांच्या वर्तुळांत आणि सायकलस्वारांच्या बाबतीत लाभ इतका निर्विवाद नाही.

सिग्नलच्या वेळापत्रकाचा पाया एफ. व्ही. वेबस्टर यांच्या १९५८ च्या प्रबंधाने घातला. हिरवा दिवा लागला की पहिला चालक दचकून भानावर येतो, गिअर टाकतो आणि निघतो. दुसरा त्याच्या हलण्याची वाट पाहतो. चौथ्या-पाचव्या वाहनापासून प्रवाह एकसारखा होतो व मार्गिकेतून दर दोन सेकंदांना साधारण एक मोटार सुटू लागते. सुरुवातीची ही दिरंगाई आणि शेवटी चौक रिकामा होण्याचा वेळ मिळून ‘वाया वेळ’ होतो. ठरावीक दिशांना एकत्र हिरवा मिळतो तो ‘टप्पा’ आणि सर्व टप्प्यांची एक फेरी म्हणजे ‘चक्र’. प्रत्येक टप्प्यातील सर्वांत भरलेल्या मार्गिकेची मागणी तिच्या कमाल प्रवाहाने भागून येणाऱ्या गुणोत्तरांची बेरीज ‘य’ व एका चक्रातील वाया वेळ ‘व’ सेकंद मानल्यास, किमान विलंबाचे चक्र (१.५ व + ५) ÷ (१ − य) सेकंद येते. ‘व’ १२ व ‘य’ ०.७ असल्यास ते सुमारे ७७ सेकंद. ‘य’ एकाच्या जवळ गेला की सूत्र निरुपयोगी होते. अशा वेळी टप्पे कमी करणे किंवा मागणी अन्यत्र वळवणे एवढेच हाती उरते. चक्र लांबवले की कोंडी सुटते ही समजूत अर्धीच खरी आहे. चक्रात १६ सेकंद वाया जात असतील, तर ६० सेकंदांच्या चक्राचा २७ टक्के, १२० च्या १३ टक्के आणि १८० च्या ९ टक्के भाग फुकट जातो. शेवटच्या पायरीवर लाभ अल्प, पण रांग वळणाच्या मार्गिकेबाहेर सांडते व पादचाऱ्यांचा धीर सुटतो.

पिवळ्या दिव्याचा काळ अंदाजाने ठेवणे घातक असते. तो अपुरा असल्यास चालकाला सुरक्षित थांबताही येत नाही आणि तांबड्याआधी पुढेही जाता येत नाही, असा रस्त्याचा एक पट्टा तयार होतो. गाझिस, हर्मन व मॅरादुदिन यांनी १९६० मध्ये या पेचाचे गणित मांडले. ताशी ५० किमी. वेग, एक सेकंद प्रतिसादकाळ आणि दर सेकंदाला ३ मी./सेकंद मंदन (वेग कमी होण्याचा दर) धरल्यास पिवळा दिवा निदान ३.३ सेकंद हवा. त्यानंतर चौकाच्या रुंदीनुसार एक-दोन सेकंद सर्व दिशांना तांबडा ठेवतात.

सुरक्षितता आणि प्रवाह यांचे हित पुष्कळ ठिकाणी जुळते, पादचाऱ्यांच्या बाबतीत मात्र ते सहसा जुळत नाही. येथे सुरक्षिततेच्या बाजूनेच निर्णय व्हायला हवा. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मी. धरल्यास १८ मी. रुंद रस्ता ओलांडायला १५ सेकंद लागतात. काठी टेकत ०.९ मी. वेगाने जाणाऱ्या वृद्धाला २० सेकंद. हा पाच सेकंदांचा फरक वेळापत्रकात धरला नाही, तर तो माणूस रस्त्याच्या मध्यावर अडकतो. दुभाजकात उभे राहण्याजोगे बेट, पदपथाचा पुढे काढलेला कोपरा, वळणाची लहान त्रिज्या आणि वाहनांच्या आधी काही सेकंद मिळणारा पादचाऱ्यांचा हिरवा दिवा हे येथील उपाय होत. कोपऱ्यालगत वाहने उभी करू न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय. त्याने पादचारी व चालक या दोघांनाही एकमेक दिसतात. वेग ताशी ५० ऐवजी ३० किमी. झाल्यास आघाताची ऊर्जा जवळजवळ एक-तृतीयांशावर येते.

पुढे जागा नसताना चौकात शिरण्यास मनाई करणारी, रस्त्यावर रंगवलेली पिवळी जाळी ब्रिटनमध्ये १९६७ पासून आहे. उड्डाणपूल व भुयारी मार्ग छेद नाहीसा करतात, पण गर्दी बहुधा पुढच्या चौकावर नेऊन सोडतात.

सुधारणेचे मूल्यमापन करताना एक सांख्यिकीय फसगत टाळावी लागते. अपघात फार झालेल्या वर्षानंतर चौक निवडला, तर काहीही न करता पुढील वर्षी आकडा सरासरीकडे उतरण्याचा संभव असतो आणि त्याचे श्रेय कामाला दिले जाते. म्हणून अनेक वर्षांचे आकडे व बदल न केलेले तत्सम चौक तुलनेस घेतात. अपघात मुळात विरळ असल्याने थोडक्यात टळलेल्या धडका मोजण्याची पद्धतही वापरली जाते. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या तिच्या एका रूपात, टाळण्याची कृती सुरू झाली त्या क्षणी धडकेला किती वेळ उरला होता व वेग किती होता, यांवरून प्रसंगाची गंभीरता ठरवतात.