भर उन्हाळ्यात गाडीत येणारी हीटरची गरम हवा

विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला की गाडीचा एसी पुरत नाही अशी तक्रार सुरू होते आणि पहिला उपाय म्हणून बहुतेक जण गॅस भरून घेतात. गॅस खरोखर कमी असेल तर तो उपाय योग्यच आहे. परंतु गॅस पुरेसा आहे, कॉम्प्रेसर नीट चालतो आहे, कंडेन्सरच्या, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलच्या, जाळीत धूळ अडकलेली नाही आणि तरीही हवा कोमट येत असेल, तर त्याच डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या हीटरकडे पाहायला हवे. अशा वेळी जास्तीचा गॅस भरल्याने यंत्रणेतील दाब वाढतो, गारवा उलट कमी होतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवण्यासाठी त्यातून फिरणाऱ्या पाण्यात, उतरतो. इंजिन तापल्यावर या कूलंटचे तापमान साधारण 90 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. त्यातील थोडा प्रवाह दोन रबरी होजपाइपांमधून डॅशबोर्डमागच्या हीटर कॉइलकडे नेला जातो. ही कॉइल म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. ब्लोअरने, म्हणजे आतल्या पंख्याने, ओढलेली हवा आधी एसीच्या कूलिंग कॉइलमधून जाते आणि तिथून पुढे एक झडप, म्हणजेच फ्लॅप, ती हवा हीटर कॉइलमधून न्यायची की बाजूने सोडायची, हे ठरवते. आपण तापमानाचे बटण निळ्याकडून लालकडे फिरवतो, तेव्हा प्रत्यक्षात हा फ्लॅप हलत असतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. काही गाड्यांमध्ये हीटरकडे जाणारे गरम पाणी रोखणारा व्हॉल्व्ह असतो, पण आजच्या पुष्कळ गाड्यांमध्ये तो नसतोच. अशा गाड्यांत बटण पूर्ण निळ्यावर असले तरी हीटर कॉइल बाराही महिने तापलेली असते आणि तिच्यापासून हवा दूर ठेवण्याचे काम एकट्या फ्लॅपवर येऊन पडते. फ्लॅपच्या कडेला हवा अडवण्यासाठी फोम चिकटवलेला असतो. उन्हाने आणि वर्षांनी तो भुसभुशीत होतो, आणि डॅशबोर्डवरील हवेच्या जाळीतून काळसर कण उडू लागले की तो झडत असल्याची शंका घ्यावी.

फटीतून अशी कितीशी हवा जाणार, असे वाटू शकते, म्हणून हिशेब करून पाहू. कूलिंग कॉइलमधून हवा 8 अंशांवर बाहेर पडते आणि हीटर कॉइलमधून गेलेली हवा 75 अंशांपर्यंत तापते असे धरू. एकूण हवेपैकी केवळ दहावा हिस्सा हीटरकडून वळून आला, तरी मिश्रणाचे तापमान 8 वरून सुमारे 15 अंशांवर जाते. ब्लोअर ताशी 400 घनमीटर हवा फेकत असेल, तर या गळतीतून आत येणारी उष्णता जवळपास 900 वॅट भरते, म्हणजे एक घरगुती इस्त्री डॅशबोर्डमध्ये सतत चालू ठेवल्यासारखेच झाले. छोट्या गाडीच्या एसीची एकंदर क्षमता काही किलोवॅटच असते, त्यामुळे हा भार किरकोळ नाही.

दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. सकाळी इंजिन थंड असताना एसी लावला की पहिली काही मिनिटे हवा चांगली गार येते आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढत जातो तशी ती कोमट होत जाते, हे हीटरच्या गळतीचे बोलके लक्षण आहे. खात्रीसाठी एसी बंद करावा, बाहेरची हवा आत घ्यावी, बटण पूर्ण निळ्यावर ठेवावे आणि इंजिन तापल्यावर साधा थर्मामीटर जाळीत धरावा. बाहेरच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांचा फरक ब्लोअरच्या मोटरमुळे आणि तापलेल्या नळ्यांमुळेही पडतो. फरक दहा-पंधरा अंशांचा असेल तर हीटरकडे बोट दाखवायला हरकत नाही. ज्या गाडीत व्हॉल्व्ह आहे, तिथे तो बंद असताना दोन्ही होजपाइप गरम लागले, तर व्हॉल्व्ह पाणी सोडत आहे. व्हॉल्व्ह नसलेल्या गाडीत मात्र दोन्ही पाइप गरम असणे स्वाभाविकच आहे.

केबलवर चालणाऱ्या जुन्या गाडीत दुरुस्ती बऱ्याचदा खर्चाशिवाय होते. केबल ताणली किंवा क्लिपमधून सरकली की बटण शेवटपर्यंत फिरते, पण फ्लॅप बोटभर अलीकडेच थांबतो. बटण पूर्ण निळ्यावर ठेवून क्लिप सोडवावी, फ्लॅपचा दांडा हाताने गार बाजूच्या टोकाला टेकेपर्यंत लोटावा आणि त्याच जागी केबल पुन्हा क्लिपमध्ये बसवावी. नव्या गाड्यांत हे काम छोटी मोटर करते. तिचे प्लॅस्टिकचे दाते तुटले की डॅशबोर्डमागून टिक-टिक ऐकू येते आणि मोटर बदलावी लागते. फोमसाठी मात्र डॅशबोर्ड खोलणे भाग पडते, आणि ते काम खर्चिक आहे.

म्हणूनच काही जण हीटरच्या पाइपमध्ये पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घेतात. हा उपाय परिणामकारक आहे, परंतु काही इंजिनांत थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर उघडून त्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप, बंद असताना कूलंट हीटरच्याच वाटेने फिरतो. ती वाट सरळ बंद केली तर थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी वेळेवर पोहोचत नाही आणि इंजिनाचा एखादा भाग अवाजवी तापू शकतो. अशा इंजिनात दोन्ही पाइप एकमेकांना जोडून पाण्याला वळसा द्यावा, वाट बुजवू नये. काम इंजिन पूर्ण निवल्यावरच करावे, कारण तापलेल्या यंत्रणेत पाणी दाबाखाली असते आणि पाइप सुटताच अंगावर उडते.

माझ्या मते हीटर कायमचा तोडून टाकणे मात्र चूक आहे. घाट चढताना इंजिन तापले, तर हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडून थोडी उष्णता काढून घेता येते, हे जुने चालक चांगले जाणतात. पावसाळ्यात आंबोलीसारख्या घाटात समोरची काच धुरकटते, तेव्हा एसी हवेतील ओल काढून घेतो आणि हीटर तीच हवा ऊबदार करून काचेवर सोडतो; काच लवकर स्वच्छ होण्यासाठी दोघांची गरज असते. त्यामुळे उन्हाळ्यापुरता बंद केलेला व्हॉल्व्ह पहिल्या पावसाआधी उघडून, पाणी दोन्ही पाइपांतून फिरते आहे याची हात लावून खात्री करून घ्यावी.