कोरड्या जमिनीतलं अर्थिंग

उन्हाळा लागला की मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत दोन कामं निघतात. माळ्यावरचा पत्र्याचा कूलर खाली येतो, त्याचं जुनं गवत बदललं जातं. आणि घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस आठवण करून देतं, "अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी सोडा रे." ही दोन कामं एकाच महिन्यात येतात याला कारण आहे. चैत्र-वैशाखात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की गवतावरचं पाणी झपाट्यानं उडतं आणि वारा गार होतो. कोकणात तोच कूलर नुसता दमटपणा वाढवत बसतो. पण हवा सुकवणारा उन्हाळा जमीनही सुकवतो, आणि अर्थिंगचा, म्हणजे उपकरणाच्या पत्र्यावर चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीचा, सगळा कारभार जमिनीतल्या ओलीवर चालतो. पाणी, लोखंडी पत्रा आणि वीज या तिघांची गाठ ज्या दिवसांत पडते, नेमक्या त्याच दिवसांत घराचं अर्थिंग सर्वांत कमजोर असतं.

कूलरचा शॉक लागतो कसा, ते आधी पाहू. खांबावरून घरात दोन तारा येतात, वीज आणणारी फेज आणि ती परत नेणारी न्यूट्रल. तिसरी, हिरवी तार उपकरणांच्या पत्र्यापासून आणून जमिनीत गाडलेल्या पाइपाला आपली आपण जोडायची असते, तेच अर्थिंग. कूलरच्या पाण्यात बुडालेल्या छोट्या मोटारीचं इन्शुलेशन दोन-तीन उन्हाळ्यांनंतर विरतं, किंवा पत्र्याच्या धारेवर घासून वायर सोलली जाते, आणि फेज थेट पत्र्याला टेकतो. पंखा फिरतच राहतो, त्यामुळे काही बिघडलंय हे कळत नाही. मग कुणीतरी अनवाणी पायांनी, ओल्या फरशीवरून, पाणी भरायला जातं.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. ओल्या हातापायांनी माणसाच्या शरीराचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, हजार ते दोन हजार ओहम इतका खाली येतो. मधला १५०० धरून व्होल्टला रोधानं भागलं तर करंट येतो सुमारे १५० मिलिअँपिअर. हा आकडा किती मोठा आहे? कॅलिफोर्निया विद्यापीठातले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी गेल्या शतकात स्वयंसेवकांवर प्रयोग करून एक गोष्ट मोजली होती: किती करंटला माणसाला हातातली तार सोडता येत नाही. पुरुषांची सरासरी आली सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहाच्या आसपास. त्यापुढे स्नायू आवळतात आणि मूठ उघडत नाही. "करंटनं धरून ठेवलं" असं आपल्याकडे म्हणतात ते अगदी खरं आहे, फक्त धरणारा हात आपलाच असतो. ३० च्या पुढे श्वास अडखळतो आणि ५० ते १०० च्या पट्ट्यात हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं. १५० या सगळ्याच्या वर.

आता अर्थिंग आहे असं समजा. फेज पत्र्याला टेकला की करंट हिरव्या तारेनं जमिनीत जाईल, भरपूर जाईल, आणि एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका, उडेल, असा सर्वसाधारण समज. इथे गणित मांडून बघण्यासारखं आहे. अडीच मीटर लांब आणि ४० मिलिमीटर जाडीचा पाइप उभा गाडला, तर त्याच्या अर्थिंगचा रोध ओहममध्ये ढोबळमानानं मातीच्या रोधकतेच्या, म्हणजे माती विजेला किती अडवते त्या मापाच्या, एक तृतीयांश येतो. ओल्या काळ्या मातीची रोधकता २० ओहम-मीटर धरा. अर्थिंग आलं ७ ओहम, करंट जाईल ३० अँपिअरच्या थोडा वर. १६ अँपिअरचा एमसीबी उडेल, पण लगेच नाही. अर्धा-एक मिनिटही घेईल. तीच माती, खाली मुरूम, मे महिन्यात वाळून रोधकता ३०० वर गेली की अर्थिंग होतं सुमारे १०५ ओहम आणि करंट उरतो २.२ अँपिअर. स्वयंपाकघरात मिक्सर लावल्यावर एवढाच करंट जातो. एमसीबीला यात वावगं काही दिसतच नाही. तो उडणार नाही. तासाभरात नाही आणि आठ दिवसांतही नाही. कूलरचा पत्रा दोनशे व्होल्टच्या वर तसाच जिवंत राहील, आणि अर्धा किलोवॉट वीज मीटरमधून वाहून पाइपाभोवतीची माती आणखी तापवत, सुकवत बसेल.

"करंट सोप्या वाटेनं जातो, अर्थिंग असलं की माणसाकडे येत नाही" हे वाक्य वायरमनांच्या तोंडी मी अनेकदा ऐकलं आहे. ते चुकीचं आहे. करंट सगळ्याच वाटांनी जातो, ज्या वाटेचा रोध जितका कमी, तितका तिच्यातून जास्त. अर्थिंगमधून २.२ अँपिअर जात असले तरी पत्र्याचा व्होल्टेज चढलेलाच आहे, आणि त्याला हात लावणाऱ्याच्या वाट्याला त्याचे शंभर-दीडशे मिलिअँपिअर येतातच.

मातीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपली माती साधी नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर म्हणजे आपल्या पायाखालचा बेसाल्ट. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी याच खडकात कोरलेली. तो झिजून जी काळी कापसाची माती झाली तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, पाणी गेलं की आकसतं. पावसाळ्यात ही माती अर्थिंगसाठी फारच चांगली असते, कारण तिच्यात पाणीही असतं आणि क्षारही. वीज मातीच्या कणांतून जात नाही, कणांमधल्या क्षारयुक्त पाण्यातून जाते. पण उन्हाळ्यात रानात भेगा पडतात, कधी कधी मीटरभर खोल, तशी ती अंगणातही आकसते आणि पाइपापासून सुटते. पाइप आणि मातीच्या मध्ये हवेची फट उभी राहते. मातीची ओल थोडी शिल्लक असली तरी तिला पाइप टेकतच नाही. नुसती कोरडी माती आणि सुटलेली माती यांतला हा फरक वाळूच्या किंवा लाल मातीच्या मुलखात इतका जाणवत नाही.

त्यात जागेजागेचा फरक आहे. गोदाकाठी, नांदेड किंवा गंगाखेडकडे, काळ्या मातीचा थर खोल असतो आणि पाइप सहज उतरतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात मात्र दोन-तीन फुटांवर कातळ लागतो, पहार टणटणते आणि मजूर सांगतो, "मालक, आता खाली जात नाही." मग पाइप कापून अर्धाच गाडला जातो. त्यापेक्षा उथळ चर खणून त्यात जस्त चढवलेली लोखंडी पट्टी आडवी लांब पसरावी, किंवा दोन पाइप एकमेकांपासून त्यांच्या लांबीइतक्या अंतरावर गाडून जोडावेत. जवळजवळ गाडले तर दुसऱ्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण अर्थिंगचा बहुतेक रोध पाइपाभोवतीच्या जवळच्या मातीतच असतो, आणि ती माती दोघांनी वाटून घेतलेली असते.

मीठ-कोळसा घालण्यामागचं कारणही हेच. पाइपालगतची माती सुधारली की रोध झपाट्यानं उतरतो. कोळसा ओल धरतो आणि थोडी वीजही वाहतो, मीठ पाण्यात विरघळून आयन देतं. पण मीठ पावसात वाहून जातं आणि जस्त चढवलेला लोखंडी पाइप खातं. पाच-सात वर्षांपूर्वी "मीठ-कोळसा घालून पक्कं केलेलं" अर्थिंग उकरून पाहिलं, तर जोडाच्या जागी नुसता गंज हाताला लागणं अगदी शक्य आहे. पाणी घालायची पद्धत योग्यच आहे, फक्त ते पाइपाच्या तळापर्यंत पोचायला हवं. म्हणून पाइपाला भोकं आणि वर नरसाळं असतं. आणि हल्ली घराची डागडुजी करताना अंगणात पेव्हर ब्लॉक टाकतात, त्याखाली हा खड्डा कायमचा बुजतो. पुढच्या उन्हाळ्यात पाणी कुठं घालायचं हे घरात कुणालाच माहीत नसतं. अर्थिंगला जागा निवडायचीच असेल तर मोरीच्या सांडपाण्याजवळची निवडा. तिथली जमीन बारा महिने ओली असते.

अर्थिंग चांगलं आहे की नाही हे तपासायची गावोगावची पद्धत म्हणजे फेज आणि अर्थिंगच्या मध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून बघणं. लागला, म्हणजे झालं. त्या बल्बचा रोध तापल्यावर ५३० ओहमच्या आसपास असतो. मघाच्या १०५ ओहमच्या निकामी अर्थिंगवरही त्याला १९० व्होल्ट मिळतात आणि तो छान पेटतो. एलईडी बल्ब तर याहून फसवा. तो इतका कमी करंट घेतो की अर्थिंग हजार ओहमचं असलं तरी उजेड पडेल. टेस्टरचा दिवाही फक्त तिथे व्होल्टेज आहे एवढंच सांगतो. अर्थिंग खरंच मोजायचं तर अर्थ टेस्टर लागतो, ज्यात दोन जादा खुंट्या लांब रोवून रोध काढतात. आणि मोजायचं ते मे महिन्यात. ऑगस्टमध्ये सगळ्यांचंच अर्थिंग उत्तम असतं.

मग उपाय काय? लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात अर्थिंगला रोज पाणी पाजा असं कोण सांगणार? उपाय आहे आरसीसीबी, म्हणजे जमिनीत गळणारा करंट ओळखून पडणारा खटका, आणि माझ्या मते मराठवाड्यातल्या घरात तो एमसीबीइतकाच अटळ मानायला हवा. डॅलझिएल यांनी १९६१ मध्ये अमेरिकेत याच जातीचं उपकरण तयार केलं होतं. त्याचं काम मोंढ्यातल्या दोन पारड्यांच्या काट्यासारखं चालतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना मारतात आणि कडं शांत राहतं. थोडा जरी करंट दुसऱ्या वाटेनं, पत्र्यातून किंवा माणसातून, जमिनीत गेला तर तोल बिघडतो, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि खटका पडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या फरकाला पडतो. फरक पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात.

आता तेच १०५ ओहमचं अर्थिंग पुन्हा घ्या. फेज पत्र्याला टेकला, २.२ अँपिअर, म्हणजे २२०० मिलिअँपिअर निसटले. आरसीसीबीसाठी हे मर्यादेच्या सत्तर पट आहे. कुणी हात लावायच्या आधीच वीज बंद. स्पर्शाला ५० व्होल्ट ही सुरक्षित मर्यादा धरली, तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला अर्थिंग १६०० ओहमपर्यंत चालतं. मी काही तेवढं ठेवा म्हणत नाही; माती वर्षभर बदलते, त्यामुळे शंभर-दोनशेच्या आत असावं. पण वाळलेल्या जमिनीलाही कामाला लावता येतं, हे यातून दिसतं.

अर्थिंग अजिबात नसलं तरी आरसीसीबी पडतो, फक्त तेव्हा करंटला जमिनीत जायची वाट माणूसच असतो. झटका बसतो, पण बहुधा जीव वाचतो. म्हणून दोन्ही हवं. आणि फेज व न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी दोन हातांत धरले तर आरसीसीबी काहीच करत नाही, कारण त्याच्या लेखी करंट गेला तसा परत आलेला असतो. जादा भारापासूनही तो वाचवत नाही. त्यासाठी एमसीबी लागतोच.

घराचं काम काढलं असेल, फरशी किंवा प्लास्टर उखडलेलं असेल, तर हीच वेळ आहे. जुन्या माळवदाच्या घरांत आणि पहिल्यांदा वीज आली तेव्हाच्या वायरिंगमध्ये दोनच तारा असतात. भिंत उघडी आहे तोवर प्रत्येक पॉइंटपर्यंत हिरवी तार ओढून घ्या. नंतर रंगकाम झाल्यावर कुणी हात लावू देत नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जड माळवदाचा धसका घेऊन ज्यांनी पत्र्याची घरं उभारली, त्यांनी वायर पाइपातूनच न्यावी आणि पत्र्याचा सांगाडाही अर्थिंगला जोडावा, कारण तिथे भिंतच कूलरच्या पत्र्यासारखी जिवंत होऊ शकते. चर खणणं, पाइप उतरवणं, प्लग बदलणं घरच्या घरी करा. मेन बोर्ड आणि आरसीसीबीची जोडणी परवानाधारक वायरमनकडून. बोर्डात हात घालण्याआधी मेन बंद केला तरी इन्व्हर्टर चालू असतो हे विसरू नका. त्याच्यावरचे पॉइंट जिवंतच राहतात. आणि तीन पिनी सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडायची युक्ती कुणी सुचवली तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खांबावरचा न्यूट्रल तुटला की त्या दिवशी घरातल्या सगळ्या लोखंडी वस्तूंवर फेज येतो.

जुन्या घरात आरसीसीबी बसवला की तो पहिल्याच दिवशी पडतो, आणि "खराब निघाला" म्हणून काढून टाकला जातो. बहुतेक वेळा तो बरोबर असतो. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल कुठंतरी एकत्र बांधलेला असतो, किंवा कुणीतरी वरची युक्ती आधीच केलेली असते. मृगाच्या पहिल्या पावसात भिंती ओलावल्या की तो पुन्हा पडू लागतो. तेव्हा आधी सगळ्या उपकरणांचे प्लग उपसून काढा, नुसती बटणं बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं आणि गळती न्यूट्रलमधूनही होऊ शकते. मग आरसीसीबी वर करा आणि एकेक प्लग लावत जा. ज्याच्यापाशी पडेल ते उपकरण सापडलं. कूलर असेल तर मोटार बदला. काहीच न लावता पडत असेल तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे, आणि बहुधा तो गच्चीवरच्या किंवा अंगणातल्या पॉइंटमध्ये सापडतो. आरसीसीबीवर महिन्यातून एकदा दाबायचं टेस्ट बटण असतं. ते दाबलं आणि खटका पडला नाही, तर मात्र तो खरोखर खराब आहे.