पास्ट्रामीच्या सँडविचात मेयोनेजला जागा का नाही

न्यूयॉर्कच्या हाउस्टन स्ट्रीटवर ‘कॅट्झ डेलिकॅटेसन’ नावाचं जुनं खानावळवजा दुकान आहे. सुरुवात 1888 सालची. तिथल्या काउंटरवर ‘पास्ट्रामी ऑन राय’ मागितलं की हातात येतात राय या गव्हासारख्या धान्याच्या ब्रेडचे दोन तुकडे, त्यात पाव किलोहून जास्त गरम पास्ट्रामी, म्हणजे खारवून, धुरावर ठेवून वाफवलेलं मांस, त्यावर मस्टर्ड आणि बाजूला खारवलेल्या काकड्या. टोमॅटो नाही, लेट्यूस नाही, चीज नाही. मेयोनेज मागितलं, तर जुना न्यूयॉर्ककर तुमच्याकडे ज्या नजरेने पाहील, ती नजर पुरणपोळीवर केचप घेणाऱ्याकडे पाहणाऱ्या आजीची असते.

हा हट्ट नुसत्या परंपरेचा आहे असं वाटणं साहजिक आहे. पण या सँडविचमधल्या चारही गोष्टींचं रसायन पाहिलं, तर प्रत्येकीला नेमकं काम आहे आणि पाचवीसाठी काम उरतच नाही.

आधी मांस. पास्ट्रामी गोमांसाची असते, म्हणजे बऱ्याच वाचकांच्या ताटात ती येणार नाही. डेलीत, म्हणजे कॅट्झसारख्या डेलिकॅटेसन दुकानात, टर्कीचीही पास्ट्रामी मिळते, पण मूळ कहाणी गोमांसाची आहे आणि ती धर्मनियमांतून सुरू होते. ही डेली पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी उभी केली. पास्ट्रामी त्यांच्यातल्या रुमानियाच्या ज्यूंनी आणली, आणि तिचं मूळ तुर्कांच्या खारवून वाळवलेल्या ‘बास्तुर्मा’त आहे. ज्यू धर्मनियमांप्रमाणे, म्हणजे कोशर पद्धतीने, जनावराच्या मागच्या भागातली मांडीची मोठी नस आणि ठरावीक चरबी काढून टाकावी लागते. हे काम इतकं किचकट, की बहुतेक कोशर खाटीक मागचा भाग वापरतच नाहीत. राहतो पुढचा भाग: छातीचं ब्रिस्केट आणि त्यामागचं पोटाकडचं चरबीदार ‘नेव्हल’. जनावराचा भार पेलणारे हे स्नायू. स्वस्त, पण चिवट.

चिवटपणा येतो कोलॅजनमुळे. तीन प्रथिनसाखळ्या एकमेकींभोवती पिळून झालेला हा दोर स्नायूंच्या तंतूंना बांधून ठेवतो. साधारण 60 ते 65 अंश सेल्सियसला तो आखडतो आणि मांसातलं पाणी पिळून काढतो. म्हणून घाईत भाजलेलं ब्रिस्केट चपलेसारखं लागतं. मात्र 70-80 अंशांच्या वर तासन् तास ठेवलं की पीळ सुटतो आणि कोलॅजनचं जिलेटिन होतं. जिलेटिन पाणी धरून ठेवतं आणि जिभेवर मऊ, बुळबुळीत ओलावा देतं. पास्ट्रामीची सगळी कारागिरी या एका बदलाला वेळ मिळवून देण्यासाठी आहे.

पहिला टप्पा खारवण्याचा. मांस मिठाच्या पाण्यात दिवसचे दिवस, कधी कधी आठवडे बुडवून ठेवतात. मीठ आत शिरतं ते विसरणाने, म्हणजे जास्त मिठाकडून कमी मिठाकडे आपोआप पसरत, आणि विसरणाला घाई चालत नाही: जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. आत गेलेलं मीठ स्नायूंतल्या प्रथिनांना सैल करतं, त्यामुळे ती पुढे शिजतानाही पाणी जरा जास्त धरून ठेवतात.

या पाण्यात मिठाबरोबर सोडियम नायट्राइटही असतं. पूर्वी त्या जागी सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट घालत आणि मांसातले जिवाणूच त्याचं नायट्राइट करत. नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि तो मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्यातल्या लोहाला चिकटतो. साधं मांस शिजलं की करडं-तपकिरी होतं. ही जोडी मात्र उष्णतेने गुलाबी होऊन बसते आणि कितीही शिजवलं तरी गुलाबीच राहते. पास्ट्रामीचा तुकडा आतून लालसर दिसतो तो कच्चा राहिल्यामुळे नव्हे, हे काउंटरवर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्याला सांगावं लागतं.

रंग हा वरचा फायदा. नायट्राइटचं मोठं काम म्हणजे क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला रोखणं. हवा नसलेल्या जागी वाढणारा हा जिवाणू माणसाला माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक तयार करतो. दुसरी बाजूही स्पष्ट सांगायला हवी. नायट्राइटपासून पोटात आणि तव्यावर नायट्रोसो संयुगं तयार होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज 50 ग्रॅम असं मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज आहे. तंबाखूही त्याच गटात आहे, पण गट पुराव्याच्या भक्कमपणावरून ठरतो, धोक्याच्या आकारावरून नाही. तरीही डेलीतलं एक सँडविच म्हणजे अशा पाच-सहा दिवसांचा वाटा. वर्षातून दोनदा खाण्याची गोष्ट आहे, डब्यात नेण्याची नव्हे. आणि पाकिटावर ‘नायट्राइट घातलेलं नाही’ असं लिहून आत सेलरीची पूड वापरलेली असेल, तर फसू नका. सेलरीत नायट्रेट भरपूर असतं, त्याचं नायट्राइट करूनच ती पूड वापरतात.

खारवलेल्या मांसाला धणे, मिरी आणि लसूण यांचा जाड लेप देऊन धुरावर ठेवतात. इथे एक गमतीदार अडचण येते. मांसाचं तापमान चढत चढत 65-70 अंशांपर्यंत जातं आणि तासन् तास तिथेच अडून बसतं. भट्टी गरमच असते, पण पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि जितकी उष्णता आत येते तितकी ते बाहेर नेतं. घामाने शरीर गार राहतं, त्यातलाच प्रकार. नेमकी याच टप्प्यावर कोलॅजनला आणखी उष्णता हवी असते.

डेलीचं उत्तर आहे वाफ. धुरावरून उतरलेलं मांस वाफेत ठेवलं की भोवतीची हवा बाष्पाने भरलेली असल्यामुळे पाणी उडणं थांबतं. उलट वाफ मांसावर येऊन पाणी होते, आणि दर किलो वाफेमागे सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता सोडते. तापमान अडत नाही आणि वरचं मांस वाळतही नाही. कॉर्न्ड बीफ हे पास्ट्रामीचं भावंड. तेही असंच खारवतात, पण धूर न देता पाण्यात उकळतात. म्हणून ते सौम्य लागतं. मला विचाराल तर ते आजाऱ्याचं जेवण आहे, पण डेलीत हे मोठ्याने बोलू नये.

मग सुरी. कॅट्झमध्ये मांस हाताने कापतात, चांगले जाड काप, आणि तंतूंच्या आडवे. तंतूंच्या दिशेने कापलं तर लांब दोरे दातांना तोडावे लागतात, आडवं कापलं की ते काम सुरीनेच केलेलं असतं. जाड काप ही परीक्षाही आहे. कोलॅजन नीट विरघळलेलं नसेल, तर ते लपवण्यासाठी यंत्रावर कागदासारखे पातळ काप करावे लागतात. उलट पूर्ण शिजलेली पास्ट्रामी यंत्रावर धरली की तिचा भुगा होतो. कापणारा आधी एक तुकडा चाखायला देतो. तो नाकारू नये.

ब्रेड राय का, साधा पांढरा का नाही? रायच्या पिठात गव्हासारखं ताणलं जाणारं ग्लूटेन होत नाही. त्याऐवजी अरॅबिनोझायलन नावाच्या शर्करासाखळ्या असतात आणि त्या आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतात. त्यामुळे राय ब्रेड ओलसर, घट्ट राहतो आणि लवकर शिळा होत नाही. पण रायला एक खोड आहे. त्यातली स्टार्च तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, ओव्हनमध्ये स्टार्च फुलेपर्यंत जिवंतच असतात, आणि ब्रेड आतून चिकट करून टाकतात. पीठ आंबवून आम्ल केलं की ती विकरं मंदावतात. म्हणून युरोपात राय आणि आंबवण यांचं लग्न पूर्वीच लागलेलं आहे. न्यूयॉर्कच्या डेलीतल्या ब्रेडमध्ये खरं तर गव्हाचंच पीठ जास्त असतं, राय थोडी. पण आंबटपणा आणि घट्ट कवच तेवढंच ठेवलेलं असतं, आणि चरबीखाली टिकायला तेच लागतं. तरी तळाचा तुकडा शेवटी भिजून फाटतोच. त्यावर उपाय नाही.

त्या ब्रेडमध्ये कॅरवेचे दाणे असतात, आपल्या शहाजिऱ्याच्या कुळातले. त्यांचा वास मुख्यतः कारव्होन नावाच्या रेणूचा. हा रेणू दोन रूपांत असतो, डाव्या-उजव्या हातांसारखा, एकमेकांची आरशातली प्रतिमा. एक रूप कॅरवेत आणि दुसरं पुदिन्यात. अणू तेच, जोडणी तीच, फक्त दिशा उलटी. तरी एकाला कॅरवेचा वास येतो आणि दुसऱ्याला पुदिन्याचा, कारण आपल्या नाकातले ग्राहक, म्हणजे वासाचे रेणू पकडणारे रिसेप्टरही, डावे-उजवे ओळखतात. 1971 मध्ये दोन्ही रूपं शुद्ध करून हुंगून हे पक्कं झालं. त्याआधी कित्येकांना शंका होती, की वासातला फरक भेसळीचा असेल.

आता बाजूच्या काकडीकडे पाहा. ती शेपूच्या फुलोऱ्यासकट आणि दाण्यांसकट मिठाच्या पाण्यात आंबवलेली असते. शेपूचे दाणे म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीला देतात ती बाळंतशोप. तिच्या तेलातही कारव्होन भरपूर असतो, आणि तो कॅरवेतल्याच रूपाचा! म्हणजे ब्रेड आणि काकडी एकाच वासाने बोलतात, मध्ये मांस असलं तरी. कोणा शेफने हे ठरवलेलं नाही. पूर्व युरोपात दोन्ही झाडं हाताशी होती, एवढंच.

या काकडीत व्हिनेगर नसतं. मिठाच्या पाण्यात नकोसे जिवाणू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल करणारे पुढे येतात, काकडीतली साखर खातात आणि पाणी आंबट करतात. थोडेच दिवस ठेवलेली ‘हाफ सावर’ हिरवीगार असते. पूर्ण आंबलेली ऑलिव्हच्या रंगाची होते, कारण आम्लात हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. मला अर्धी आंबलेली आवडते, पण मांसाला पूर्ण आंबलेलीच न्याय देते. चरबीने माखलेल्या जिभेला तेवढं आम्ल लागतं.

आणि मस्टर्ड. मोहरीचा दाणा अख्खा असताना त्याला झणका नसतो. सिनिग्रिन हे संयुग आणि मायरोसिनेज हे विकर दाण्यात वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटला, पाणी लागलं, की दोघांची गाठ पडते आणि अलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं. लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी आणणारं हेच. फोडणीत मात्र तापलेलं तेल विकरालाच मारतं, म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते, झणझणीत नाही. डेलीच्या तपकिरी मस्टर्डमध्ये व्हिनेगर असतं. आम्लाने विकर मंदावतं, पण तयार झालेला झणका टिकतो.

हा झणका मिरचीसारखा नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उडून जात नाही, ते जिभेवर ठाण मांडतं. मोहरीचं तेल बाष्परूपाने नाकात चढतं, तिथल्या मज्जातंतूंवरचे ट्रिपा-वन हे ग्राहक चेतवतं आणि काही सेकंदांत ओसरतं. दहावा घास पहिल्यासारखा लागण्यासाठी असंच काहीतरी हवं, जे येईल, साफ करील आणि निघून जाईल.

आता मेयोनेजचं पाहा. अमेरिकी नियमानुसार त्यात किमान 65 टक्के वनस्पती तेल असावं लागतं. पास्ट्रामीत चरबी आधीच पोटभर आहे. शिवाय मोहरीचा झणका देणारा रेणू तेलात विरघळणारा आहे. तेल वाढलं की तो तेलातच अडकतो, नाकापर्यंत कमी पोहोचतो. थोडक्यात, मेयोनेज मस्टर्डला गप्प करतं आणि बदल्यात काहीच देत नाही. धर्माची आडकाठी इथे नाही. अंडं आणि तेल मांसाबरोबर कोशर नियमांत चालतं.

मेयोनेजची खरी जागा डायनरमधल्या, म्हणजे साध्या अमेरिकी खानावळीतल्या, बीएलटीत आहे, बेकन-लेट्यूस-टोमॅटोच्या सँडविचात. तिथे बेकन कुरकुरीत, टोस्ट कोरडा आणि टोमॅटो पाण्याने भरलेला. टोस्टवर मेयोनेजचा थर दिला की तेल पाण्याला अडवतं. तिथे त्याला काम आहे.

चीजवर मात्र धर्माचीच आडकाठी आहे: मांस आणि दूध एकत्र नाही. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या स्वयंपाकात मांसाच्या रश्श्याला दुधाऐवजी नारळाचं दूध येतं, ते याच नियमामुळे. म्हणून कॉर्न्ड बीफ, स्विस चीज, आंबवलेली कोबी आणि रशियन ड्रेसिंग हा सॉस घालून तव्यावर भाजलेलं ‘रूबेन’ डेलीच्या फळ्यावर असलं, तरी कोशर नाही. त्याच्या जन्माचा दावा न्यूयॉर्कच्या एका डेलीच्या नावाने केला जातो आणि नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाच्या एका हॉटेलच्या नावानेही. चवीला ते उत्तम आहे. चीजमधलं ग्लुटामेट आणि मांसातलं इनोसिनेट एकत्र आलं की उमामी, म्हणजे मांसाच्या रश्श्यासारखी भरीव चव, नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. पण ते वेगळंच सँडविच आहे.

एक व्यावहारिक गोष्ट. गोमांसाची चरबी साधारण 40 अंशांच्या पुढे वितळते, म्हणजे तोंडाच्या उष्णतेने ती वितळत नाही. गार पास्ट्रामी मेणासारखी टाळूला चिकटते आणि जिलेटिनही गोठतं. घरी आणलेली उरली, तर मायक्रोवेव्हमध्ये टाकू नये, कडा वाळून कडक होतात. ब्रेड बाजूला काढावा, काप ताटलीत पसरावेत आणि वाफ द्यावी. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना त्यासाठी वेगळं भांडं आणायला नको. मोदकपात्र चालतं, दहा मिनिटं पुरतात, फक्त गणपतीचं वेगळं ठेवा.