गुरगुरणारी मोटर आणि पाच मिलिसेकंदांचा फरक

कोल्हापुरात तरणा पाऊस लागला की धुणे वाळवायचे कसे, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. दोन दिवस दोरीवर राहूनही जीन्सची कंबर ओलीच लागते आणि सगळी भिस्त दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमधल्या ड्रायरवर येऊन पडते. नेमके याच दिवसांत ते मशीन असहकार पुकारते. टायमरचे बटण फिरवले की आतून ‘हुंऽऽ’ असा एकसुरी आवाज येतो, पण टब जागचा हलत नाही. शेजारी, दुकानदार आणि कधीकधी दुरुस्तीला आलेला माणूससुद्धा एकच निदान करतो, ‘मोटर जळाली’, आणि चर्चा थेट नव्या मोटरच्या किंवा नव्या मशीनच्या किमतीकडे वळते. हे निदान अनेकदा चुकीचे असते, कारण ज्या आवाजावरून मोटरला मृत घोषित केले जाते, तो आवाजच तिच्या वेटोळ्यातून वीज वाहत असल्याचा पुरावा असतो.

खरोखर जळालेली मोटर सहसा वेगळी वागते. तांब्याच्या तारेवरील वार्निश करपल्याचा उग्र वास येतो, बटण फिरवताच घरातला एमसीबी पडतो किंवा आत पूर्ण शांतता असते. गुरगुरणाऱ्या मोटरमध्ये मात्र वेटोळ्यातून प्रवाह जात असतो, चुंबकीय क्षेत्र तयार होत असते आणि त्या क्षेत्राच्या ओढीने लोखंडी पत्रे थरथरत असतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. परंतु चुंबकाची ओढ प्रवाहाच्या दिशेवर अवलंबून नसल्यामुळे प्रत्येक आवर्तनात ती दोनदा वाढते आणि दोनदा ओसरते. त्यामुळे आपल्याला ऐकू येणारा आवाज ५० नव्हे, तर १०० हर्ट्झचा असतो. मोटरमध्ये एवढे सगळे घडत असूनही ती फिरत नाही, हा या बिघाडातला रंजक भाग आहे.

या मशीनमधली मोटर इंडक्शन प्रकारची असते. बाहेरच्या स्थिर भागावर, म्हणजे स्टेटरवर, तांब्याची वेटोळी असतात आणि आत फिरणाऱ्या रोटरमध्ये ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा एक बंदिस्त पिंजरा असतो. रोटरला बाहेरून एकही वायर जोडलेली नसते. स्टेटरचे चुंबकीय क्षेत्र रोटरभोवती गोल फिरू लागले की त्या दांड्यांमध्ये आपोआप प्रवाह निर्माण होतो, आणि तो प्रवाह रोटरला फिरत्या क्षेत्राच्या मागे ओढत नेतो. अट एकच आहे, ती म्हणजे क्षेत्र फिरले पाहिजे. घरात येणारा सिंगल फेज, म्हणजे एकाच प्रवाहाचा, पुरवठा एका वेटोळ्याला दिला, तर क्षेत्र फिरत नाही. ते एकाच रेषेवर उत्तरेकडे वाढते, शून्यावर येते, दक्षिणेकडे वाढते आणि पुन्हा शून्यावर येते. जात्याचा खुंटा सरळ रेषेत नुसता पुढे-मागे रेटला, तर जाते डुगडुगेल, पण दळण पडणार नाही. दळायचे असेल, तर हाताच्या पुढे-मागे होण्याला डावी-उजवीकडच्या हालचालीची जोड लागते, आणि तीही एकाच वेळी नव्हे, तर पाव फेऱ्याच्या अंतराने.

गणिताच्या भाषेत हेच थोडे अधिक नेमके सांगता येते. एका रेषेवर मागे-पुढे होणारे क्षेत्र हे विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांची बेरीज असते, आणि त्यांपैकी प्रत्येकाची ताकद मूळ क्षेत्राच्या कमाल ताकदीच्या निम्मी असते. दोन्ही क्षेत्रे एकाच क्षणी एका दिशेला आली की बेरीज पूर्ण होते, समोरासमोर आली की शून्य होते आणि मधल्या प्रत्येक क्षणी त्यांचे आडवे घटक एकमेकांना खोडून काढतात. स्थिर उभ्या असलेल्या रोटरला एक क्षेत्र जितक्या जोराने घड्याळाच्या दिशेने ओढते, तितक्याच जोराने दुसरे उलट ओढते. निव्वळ जोर शून्य येतो आणि रोटर थरथरत जागेवर राहतो. पण त्याला एका बाजूने धक्का दिला, तर तोल बिघडतो. ज्या क्षेत्राच्या दिशेने रोटर निघाला, त्या क्षेत्राच्या वेगाशी त्याच्या वेगाचा फरक कमी होतो, विरुद्ध क्षेत्राशी तो वाढतो, आणि इंडक्शन मोटरच्या स्वभावाप्रमाणे पहिल्या क्षेत्राची पकड घट्ट होऊन दुसऱ्याची सैल पडते. मग मोटर त्याच दिशेने वेग घेते. धक्का उलट दिला असता, तर ती तितक्याच आनंदाने उलट फिरली असती. काही कारागीर ड्रायरच्या टबला लाकडी काठीने ढकलून मोटर चालू होते का ते पाहतात, त्यामागचे विज्ञान हेच आहे. घरी हा प्रयोग करू नये, कारण रिकामा ड्रायर काही क्षणांत मिनिटाला तेराशे-चौदाशे फेऱ्यांवर पोहोचतो आणि त्यात अडकलेला हात सोडवायला वेळ मिळत नाही.

धक्क्याची गरज उरू नये म्हणून स्टेटरवर दुसरे वेटोळे बसवतात. त्याची जागा पहिल्यापासून अशी हलवलेली असते की त्याच्या क्षेत्राची दिशा पहिल्याशी विद्युतदृष्ट्या काटकोन करते. मात्र जागेचा काटकोन पुरेसा नसतो, वेळेचाही लागतो. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, त्याचा पाव भाग ५ मिलिसेकंद. दोन वेटोळ्यांतल्या प्रवाहांमध्ये हा सुमारे ५ मिलिसेकंदांचा फरक पडला की दोन क्षेत्रांची बेरीज गोल फिरू लागते. इटलीतील तुरीन शहरात गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ साली अशा फिरत्या क्षेत्रावर प्रयोग केले आणि १८८८ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षी निकोला टेस्ला यांना अमेरिकेत याच तत्त्वावरच्या मोटरची पेटंटे मिळाली. टेस्लांच्या त्या मोटरला वेळेचा फरक असलेले दोन प्रवाह वीज निर्माण करणाऱ्या यंत्राकडूनच मिळत. आपल्या घरात मात्र एकच फेज येतो. दुसरा प्रवाह घरच्या घरी तयार करावा लागतो आणि ते काम कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवून परत सोडणारा छोटा भाग, करतो. विजेच्या सामानाच्या दुकानात त्याला आजही ‘कंडेन्सर’ म्हणतात.

तांब्याच्या वेटोळ्यात प्रवाह व्होल्टेजच्या मागे पडतो, तर कपॅसिटरमध्ये तो व्होल्टेजच्या पुढे धावतो. म्हणून एका वेटोळ्याला थेट आणि दुसऱ्याला कपॅसिटरमधून पुरवठा दिला की दोघांतले अंतर त्या पाव आवर्तनाच्या जवळ जाते. मशीनच्या धुण्याच्या मोटरमध्ये या युक्तीचा आणखी एक सुरेख उपयोग केलेला असतो. तिथली दोन्ही वेटोळी एकसारखी असतात आणि कपॅसिटर त्या दोघांच्या टोकांमध्ये जोडलेला असतो. टायमर आधी पहिल्या वेटोळ्याला थेट वीज देतो, तेव्हा दुसऱ्याला ती कपॅसिटरमधून मिळते आणि धुण्याच्या टबाच्या तळाची चकती एका दिशेने फिरते. थोडे थांबून तो दुसऱ्याला थेट वीज देतो, तेव्हा प्रवाहांचा क्रम उलटतो आणि चकतीही उलट फिरते. कोणताही गिअर न बदलता, केवळ एका संपर्कबिंदूच्या अदलाबदलीने कपडे दोन्ही बाजूंनी घुसळले जातात. यातून एक उपयुक्त निदानही मिळते. चकती एकाच दिशेने फिरत असेल आणि दुसऱ्या वेळी गप्प बसत असेल, तर कपॅसिटर आणि मोटर दोन्ही ठीक आहेत. दोष टायमरच्या संपर्कात किंवा तिथून निघालेल्या वायरमध्ये शोधावा.

कपॅसिटर खराब होतो म्हणजे नेमके काय होते, हे त्याच्या रचनेवरून कळते. त्याच्या प्लास्टिकच्या डबीत पॉलिप्रोपिलीनच्या अतिपातळ फिती गुंडाळलेल्या असतात आणि प्रत्येक फितीवर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा, नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ लेप असतो. फितीची जाडी सहा मायक्रोमीटर धरली, तर १० मायक्रोफॅरड (भार साठवण्याच्या क्षमतेचे एकक) क्षमतेसाठी सुमारे तीन चौरस मीटर क्षेत्रफळ लागते, आणि ते सगळे मुठीत मावणाऱ्या डबीत बसवलेले असते. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर कुठे तरी कच्ची जागा राहणारच. व्होल्टेज उसळले की तिथे ठिणगी पडते, पण ती ठिणगी भोवतालचा धातूचा पातळ लेप क्षणार्धात वाफ करून उडवून देते, त्यामुळे तेवढा ठिपका उरलेल्या कपॅसिटरपासून तुटतो आणि बाकीचा भाग काम करत राहतो. स्वतःची जखम स्वतःच भरून काढण्याची ही सोय फार हुशारीची आहे, पण प्रत्येक जखमेगणिक थोडे क्षेत्रफळ कायमचे कमी होते. शिवाय डबीला बारीक चीर गेली, तर दमट हवा आत शिरून जस्ताचा लेप गंजतो, आणि पंचगंगेच्या खोऱ्यातल्या पावसाळ्यात दमट हवेची टंचाई नसते. परिणामी १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हळूहळू आठवर, मग सहावर येतो. दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह दुबळा पडतो आणि मोटर रिकामा टब फिरवते, पण ओल्या चादरी टाकल्या की गुरगुरत बसते. ‘कधी चालते, कधी चालत नाही’ ही तक्रार बहुधा या टप्प्यावरची असते.

याच कपॅसिटरच्या नावावर एक जुनी फसवणूक चालते, तिचा उल्लेख करणे भाग आहे. प्लगमध्ये खोचताच विजेचे बिल निम्म्यावर येईल, अशी जाहिरात करणाऱ्या छोट्या डब्या विकल्या जातात. अशी डबी उघडल्यास आत सहसा एक लहान कपॅसिटर आणि एक एलईडी दिवा आढळतो. कपॅसिटर पाव आवर्तनात जेवढी ऊर्जा घेतो, तेवढी पुढच्या पाव आवर्तनात परत करतो, आणि घरगुती ग्राहकाचे बिल प्रत्यक्ष खर्च झालेल्या ऊर्जेवर, म्हणजे किलोवॅट-तासांवर, आकारले जाते. त्यामुळे बिलात काहीही फरक पडत नाही. पडलाच, तर त्या दिव्यापुरती भर पडते. मशीनच्या मागे लिंबू-मिरची टांगणारे निदान पाच-दहा रुपयांत सुटतात.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे येऊ. सर्वप्रथम प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण घराचे वायरिंग उलटे असल्यास बटण न्यूट्रलची तार तोडते आणि वीज आणणारी फेजची तार आत तशीच जिवंत राहते. त्यानंतर धुण्याची चकती आणि ड्रायरचा टब हाताने फिरवून पाहावा. चकती जड लागली, तर तिच्याखाली सेफ्टीपिन, नाणे किंवा परकराची नाडी अडकलेली असू शकते. ड्रायर अडत असेल, तर झाकणाला जोडलेल्या केबलने ब्रेक पूर्ण सुटतो का ते तपासावे. अडकलेली मोटरसुद्धा तशीच गुरगुरते. दोन्ही मोकळे फिरत असतील, तरच संशय कपॅसिटरवर घ्यावा. दरम्यान ‘फिरते का बघू’ म्हणून बटण पुन्हापुन्हा दाबू नये. थांबलेल्या मोटरमधून नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह जातो, आणि जी मोटर जळालेली नव्हती, ती अशा हट्टाने खरोखर जळते.

मागचे झाकण उघडल्यावर कपॅसिटरला हात लावण्याची घाई करू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर ३२५ व्होल्टचे असते, आणि मोटर चालू असताना कपॅसिटरवर त्याहूनही अधिक व्होल्टेज येऊ शकते; म्हणूनच त्यावर ४४० व्होल्ट असे छापलेले असते. सर्किट शाबूत असेल, तर साठलेला भार मोटरच्या वेटोळ्यांतून लगेच निघून जातो. मात्र काहीतरी तुटले आहे, म्हणूनच तर आपण झाकण उघडलेले असते, तेव्हा त्या सर्किटवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. १० किलोओहम, ५ वॅटचा रोधक (रेझिस्टर) इन्सुलेशन असलेल्या पकडीत धरून तो कपॅसिटरच्या टोकांना दोन-तीन सेकंद टेकवावा. स्क्रू-ड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्रास दिसते. ती टोकेही खराब करते आणि दचकलेला हात पत्र्याच्या कडेवर आपटतो.

यानंतर वायरींचा मोबाइलवर फोटो घ्यावा, कपॅसिटर सोडवावा आणि क्षमता मोजणाऱ्या मल्टिमीटरने तपासावा. छापील आकड्यापेक्षा पाच टक्क्यांचा फरक चालतो. १० लिहिलेले असून मीटर सहा-सात दाखवत असेल, तर तो बदलावा. काही मशीनमध्ये धुण्याच्या आणि ड्रायरच्या मोटरचे दोन कपॅसिटर एकाच तीन वायरींच्या डबीत असतात, तेव्हा दोन्ही भाग वेगवेगळे मोजावेत. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच असावा आणि व्होल्ट छापलेल्यापेक्षा कमी नसावेत. जोर वाढावा म्हणून मोठा कपॅसिटर बसवण्याचा सल्ला मिळाला, तर ऐकू नये. त्याने दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह वाढून ते तापते. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर इथे चालत नाही, हेही सांगायला हवे, कारण तो घरात सहज सापडतो.

२०१९ आणि २०२१ च्या पुरासारखे पाणी तळमजल्यात शिरून गेलेले मशीन मात्र या हिशेबात बसत नाही. वेटोळ्यांत गाळ आणि ओल असताना वीज दिली, तर पत्र्यात करंट उतरतो. अशी मोटर वाळवल्यानंतरही मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, इन्सुलेशन तपासून, किमान एक मेगाओहम मिळाल्यावरच जोडावी, आणि हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. इन्व्हर्टर प्रकारच्या नव्या मशीनमध्ये तर हा कपॅसिटरच नसतो. तिथे फिरते क्षेत्र इलेक्ट्रॉनिक सर्किट तयार करते.

नवा कपॅसिटर बसवूनही गुरगुर थांबली नाही, तर धुण्याच्या मोटरच्या सामाईक वायरपासून दोन्ही वेटोळ्यांचा रोध मोजावा. तो जवळपास सारखा यायला हवा. एका बाजूला मीटर काहीच दाखवत नसेल किंवा दोन आकड्यांत मोठी तफावत असेल, तर ते वेटोळे तुटले आहे किंवा त्याचे काही वेढे आपसात चिकटले आहेत, आणि मोटर उचलून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, वेटोळी नव्याने गुंडाळून देणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याकडे नेण्याची वेळ आलेली आहे.