संप्रेरक-पूरक उपचार आणि मधुमेहाचा धोका (ग्रामीण विदर्भ)

पाळी कायमची थांबल्यावर शरीरातील इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) घटते आणि त्यामुळे अंगातून वाफा निघणे, रात्री घाम फुटून झोप मोडणे, योनीचा कोरडेपणा, हाडांची झीज असे त्रास सुरू होतात. त्यांवर बाहेरून इस्ट्रोजेन देण्याच्या, आणि गर्भाशय शाबूत असल्यास त्याच्या जोडीला प्रोजेस्टोजेन (गर्भाशयाचे अस्तर राखणारे दुसरे संप्रेरक) देण्याच्या पद्धतीला संप्रेरक-पूरक उपचार म्हणतात. बोलण्यात त्यांना ‘हार्मोनच्या गोळ्या’ असेच नाव आहे.

या गोळ्यांनी ‘शुगर लागते’ ही समजूत सर्वत्र आढळते, पण ती पुराव्याला धरून नाही. अमेरिकेत हजारो स्त्रियांवर झालेल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीत, जिचा एकत्रित संप्रेरकांचा भाग २००२ मध्ये थांबवण्यात आला, गोळ्या घेणाऱ्या गटात नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटापेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी आढळले. तरीही मधुमेह टाळण्यासाठी म्हणून हा उपचार देत नाहीत, कारण त्याच चाचणीत रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग यांचा धोका वाढलेला दिसला होता. समजुतीचे मूळ बहुधा दुसरीकडे आहे. सांधेदुखीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्याही संप्रेरकेच असतात, त्या साखर खरोखर वाढवतात, आणि वेष्टनातून काढून कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या गोळ्यांपैकी कोणती कशाची हे बाईला कळायला मार्ग नसतो.

धोका आहे तो पाळी जाण्यातच. इस्ट्रोजेन घटले की चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटावर साठू लागते, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि मोडलेली झोप त्यात भर घालते. ज्यांची ‘पिशवी’, म्हणजे गर्भाशय, काढली आहे त्यांना हा टप्पा चाळिशीच्या आतही गाठतो. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली की इस्ट्रोजेन एकदम तुटते. ती राखली तरी पाळी जाण्याचे वय काहीसे अलीकडे येते. अंडाशये काढली की राखली, हे अनेक स्त्रियांना ठाऊकच नसते. म्हणून पेटीच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांना दाखवणे ही उपचाराची खरी पहिली पायरी होय. कमी वयात अंडाशये गेली असतील आणि दुसरी आडकाठी नसेल, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके देणेच सहसा हिताचे असते.

गोळी सुरू करण्यापूर्वी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील चरबी आणि साखर पाहावी. भारतीय स्त्रीच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असणे ही धोक्याची खूण मानली जाते. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्याल्यावर दोन तासांनी २०० किंवा त्याहून अधिक असेल, तर तो मधुमेह ठरतो. लक्षणे नसल्यास चाचणी पुन्हा करून खात्री करतात. तिशीपुढच्या सर्वांची बोटातून रक्त काढून तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात होते आणि आशाताई त्यासाठी घरोघर माहितीचा अर्ज भरतात, तेव्हा पहिल्या चाचणीसाठी शहर गाठावे लागत नाही.

विदर्भात एक गोष्ट मात्र विशेष जपावी लागते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर बेतलेली आहे, आणि गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती दोन-तीन आठवडेही टिकत नाही. तिला साखर चिकटायला वेळच मिळत नसल्याने अहवाल फसवा कमी येतो. उलट, लोहाच्या कमतरतेने आलेल्या रक्तक्षयात तो फसवा जास्त येऊ शकतो. सिकलसेलचे नुसते वाहक असणाऱ्यांमध्येही काही यंत्रांचे आकडे चुकतात. अशा स्त्रियांच्या बाबतीत एकट्या एचबीए१सीवर भरवसा ठेवणे घातक आहे. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच पाहावी. शिवाय सिकलसेलच्या आजारात रक्त गोठण्याचा धोका मुळात जास्त असल्याने तोंडावाटे इस्ट्रोजेन सहसा टाळतात.

आधीच मधुमेह असणारीला हा उपचार वर्ज्य नाही. वजन जास्त असेल किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) वाढलेले असेल, तर कातडीवर लावायचे जेल किंवा चिकटपट्टी बरी पडते, कारण गोळीतले इस्ट्रोजेन आधी यकृतातून जाते आणि ट्रायग्लिसराइड वाढवते. प्रोजेस्टोजेनमध्ये नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन साखरेच्या दृष्टीने सौम्य मानले जाते. सुरुवातीनंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. इन्सुलिनचा प्रभाव सुधारल्यास मधुमेहाच्या औषधाची मात्रा कमी करावी लागते. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेऊन, न्याहारी न करता सकाळी कापूस वेचायला गेलेल्या बाईला घाम फुटला, छाती धडधडली, तर ती वाफ आहे की साखर उतरली आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. ग्लुकोमीटर जवळ असल्यास ७० च्या खालचा आकडा निर्णय देतो. नसल्यास साखर उतरली असे धरून तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी.

आहाराचा सल्लाही इथल्या ताटाला धरून हवा. पश्चिमेकडे भाकरीची जागा गव्हाच्या पोळीने घेतली आहे, तर पूर्वेकडच्या धानपट्ट्यात दोन्ही वेळा भात असतो. तिथे भात सोडा म्हणण्यापेक्षा तो अर्धा करून डाळ-भाजी वाढवायला सांगणे अधिक पाळले जाते. दिवसातून चार-पाचदा होणारा गोड चहा तर हिशेबातच धरला जात नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात आहार आणि चालण्याने मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. रोवणी-वेचणीच्या दिवसांत बाईचे चालणे भरपूर होते, पण हंगाम संपल्यावरच्या महिन्यांत ते तुटते, आणि वजन वाढते ते त्याच काळात.

गोळ्या बंद केल्यावर साखरेवरचा त्यांचा अनुकूल परिणाम टिकत नाही. त्यामुळे उपचार थांबवल्यानंतरही काही महिन्यांनी, आणि पुढे दरवर्षी, साखर तपासावी लागते.