तांत्रिक तपासणी (हौशी मोटारसायकल शर्यत)

रस्त्यावरची मोटारसायकल शर्यतीच्या ट्रॅकवर उतरवण्याआधी आयोजक संस्थेचे तपासनीस तिची जी पाहणी करतात, ती तांत्रिक तपासणी. अमेरिकेतील हौशी शर्यतींत तिला नुसते ‘टेक’ म्हणतात. भारतात ‘स्क्रुटिनी’ हा शब्द रूढ आहे. गाडी किती पळते याच्याशी या पाहणीला कर्तव्य नसते. गाडीतून काही सांडणार नाही ना, धावताना काही गळून पडणार नाही ना आणि गाडी घसरली तर तिचे एखादे टोक कुणाच्या अंगात घुसणार नाही ना, एवढेच पाहिले जाते.

यातले बहुतेक नियम मागून येणाऱ्या स्वारासाठी आहेत. वळणावर वाटीभर ऑइल सांडले तर ज्याच्या गाडीतून ते सांडले त्याला बऱ्याचदा पत्ताही लागत नाही, तो पुढे निघून गेलेला असतो. मागून ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने झुकून येणाऱ्याचे चाक मात्र त्याच ऑइलवर पडते. नियमावलीतल्या एकेका कलमामागे असा कुणीतरी मागचा स्वार उभा आहे, हे ध्यानात ठेवले की वरवर जाचक वाटणाऱ्या अटींचाही अर्थ लागतो.

अमेरिकेत हौशी शर्यती क्लब भरवतात. कॅलिफोर्नियातील अमेरिकन फेडरेशन ऑफ मोटरसायक्लिस्ट्स (एएफएम) ही संस्था १९५४ पासून चालू आहे. वेरा, सीसीएस, जुन्या गाड्यांच्या शर्यती घेणारी आह्रमा अशा इतरही संस्था आहेत. प्रत्येकीची नियमावली वेगळी. एकीला ड्रेन बोल्ट (इंजिनातले ऑइल काढण्यासाठी तळाला असलेला बोल्ट), ऑइल भरायचे झाकण आणि फिल्टर एवढेच तारेने बांधलेले चालते; ही तार कशासाठी, ते पुढे येईलच. दुसरी ब्रेकच्या कॅलिपरचे (पॅड दाबणाऱ्या चिमट्याचे) बोल्ट आणि चाकांच्या धुऱ्यांचे नटही बांधून मागते. म्हणून हाती पाना घेण्याआधी ज्या संस्थेकडे नाव नोंदवायचे तिची चालू वर्षाची नियमावली वाचणे, हेच तयारीतले पहिले काम. मित्राची गाडी पाहून तयारी करणारे हमखास फसतात. स्पर्धेसाठी नव्हे, नुसत्या सरावासाठी भरणाऱ्या ‘ट्रॅक डे’ला अटी बऱ्याच सैल असतात आणि मित्राची गाडी अनेकदा तेवढ्यापुरतीच तयार केलेली असते.

नवख्यांच्या पसंतीच्या गाड्या लहान किंवा मध्यम ताकदीच्या असतात. १९९९ साली बाजारात आलेली सुझुकी एसव्ही ६५० अमेरिकन क्लबांत वर्षानुवर्षे टिकून आहे. कावासाकी निन्जाच्या ३०० आणि ४०० सीसीच्या गाड्याही तशाच. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम आरसी ३९० घेऊन अमेरिकेत २०१५ आणि २०१६ मध्ये तरुण स्वारांसाठी खास चषक भरवला गेला होता. चाकणहून निघालेली गाडी त्यामुळे थेट तिथल्या तपासणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तयारीची सुरुवात रेडिएटरपासून करावी. रस्त्यावरच्या गाडीतल्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, इथिलीन ग्लायकॉल असते. त्याने पाणी थंडीत गोठत नाही आणि उशिरा उकळते. ट्रॅकवर मात्र ते सांडले तर घात होतो. साधे पाणी तापलेल्या डांबरावर काही वेळात सुकून जाते. ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू सुमारे १९७ अंश सेल्सिअस. ते उडून जात नाही, बुळबुळीत थर धरून बसते. ट्रॅक साफ करायला शर्यत थांबवावी लागते. म्हणून जवळपास सगळ्याच संस्था ग्लायकॉलला मनाई करतात आणि शुद्ध पाणी वापरायला सांगतात. पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी ग्लायकॉलविरहित पूरके अनेक ठिकाणी चालतात. कूलंट एकदा काढून पाणी भरले की झाले, असे मात्र नाही. इंजिनच्या पोकळ्यांत जुने कूलंट उरतेच. पाणी भरावे, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवावे, थंड झाल्यावर पाणी काढावे आणि हे तीन-चार वेळा करावे. काही तपासनीस रेडिएटरच्या झाकणाखाली बोट बुडवून दोन बोटांत पाणी चोळून पाहतात. हिरवी-गुलाबी झाक दिसली किंवा बोटे सुळसुळीत लागली, की गाडी परत. थंड मुलखातल्या स्वारांना आणखी एक पथ्य आहे: हंगाम संपला की हे पाणी काढून टाकायचे, नाहीतर हिवाळ्यात ते गोठून फुगते आणि सिलिंडर ब्लॉकला तडा जातो.

नवख्याला सर्वांत जास्त धास्ती असते तारेची. ही ‘सेफ्टी वायर’ विमानाच्या इंजिनांवरून शर्यतींत आली. स्टेनलेस स्टीलची ०.०३२ इंच, म्हणजे सुमारे ०.८ मिमी जाडीची तार बोल्टच्या डोक्यातल्या छिद्रातून ओवून जवळच्या पक्क्या जागेला पीळ देऊन बांधतात. बोल्ट घट्ट ठेवणे हे तारेचे काम नव्हे. ते टॉर्क पान्याचे, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याचे. बोल्ट कंपनांनी सैल झालाच तर त्याला फिरून बाहेर पडू द्यायचे नाही, एवढ्यासाठी तार. ड्रेन बोल्ट निघून पडला तर गरम ऑइल थेट मागच्या चाकासमोर ओतले जाते. पहिला बळी त्याच गाडीचा स्वार असतो, नंतरचे त्याच्या मागचे.

छिद्र पाडण्यात निम्मा जीव जातो. बोल्ट काढून शिकंज्यात धरायचा, आटे चेपू नयेत म्हणून जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठेवायच्या. षटकोनी डोक्याच्या एका पैलूवर, कोपऱ्याच्या जवळ, सेंटर पंचने खूण करायची. खुणेशिवाय ड्रिलचे टोक गुळगुळीत पोलादावर भरकटते. छिद्र डोक्याच्या आरपार पाडायचे नसते. एका पैलूतून शिरून कोपरा ओलांडून शेजारच्या पैलूतून बाहेर काढायचे, म्हणजे लांबी कमी आणि डोक्याची ताकद शाबूत. दीड मिमीचे कोबाल्टचे बिट, मंद फिरणारे यंत्र आणि दर काही सेकंदांनी कटिंग ऑइलचा थेंब. चुरा लांब वेटोळ्यांत निघत असेल तर दाब बरोबर आहे. किंचाळल्यासारखा आवाज येऊन धूर निघाला तर बिटाची धार गेली असे समजावे. बिट मोडते ते बहुधा अगदी शेवटी, पलीकडे निघता निघता. हात तिथे हलका ठेवावा लागतो. पहिल्या गाडीच्या तयारीत चार-पाच बिटे मोडली तर वाईट वाटून घेऊ नये. मोडका तुकडा बोल्टच्या आत अडकला तर मात्र नवा बोल्ट आणणे उत्तम. छिद्राच्या काठावरची बर, म्हणजे धातूची धारदार किनार, कानशीने घासून घ्यावी, ती तारेला कापते.

बांधताना दिशा महत्त्वाची. तार अशा बाजूने निघाली पाहिजे की बोल्ट सुटायला लागताच तिला ताण बसावा. उलट बाजूने बांधलेली तार बोल्टला सुटायला मोकळीक देते, वर सगळे ठीक असल्याचा भास निर्माण करते. अनुभवी तपासनीसाला हे लांबूनही दिसते. पीळ साधारण इंचाला सहा ते आठ. कमी दिला तर तार सैल, जास्त दिला तर ठिसूळ होऊन तुटते. उरलेले टोक आत वळवून दाबायचे, कारण मोकळे टोक सुईसारखे बोटात शिरते. ऑइल फिल्टरला भोक पाडता येत नाही. त्याच्याभोवती पाण्याच्या पाइपला वापरतात तशी स्क्रूची क्लिप आवळतात आणि क्लिपला तार ओवून शेजारच्या बोल्टला बांधतात. ऑइल भरण्याचे झाकण प्लॅस्टिकचे असेल तर त्याच्या कडेला छिद्र पाडणे सोपे जाते, म्हणून हात बसवण्यासाठी सुरुवात तिथून करावी.

तारेच्या पुढची खबरदारी म्हणजे इंजिनखालचा तबकासारखा भाग, ‘बेली पॅन’. तारा बांधूनही इंजिन फुटलेच तर निघालेले ऑइल जमिनीवर जाण्याआधी यात साठावे, हा हेतू. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (एफआयएम) सुपरबाइक-सुपरस्पोर्ट नियमांत इंजिनातल्या एकूण ऑइल आणि पाण्याच्या निम्मे तरी त्यात मावले पाहिजे, अशी अट आहे. त्याला २५ मिमीचे छिद्र ठेवतात. कोरड्या ट्रॅकवर ते बंद आणि पावसात पाणी निघून जावे म्हणून उघडे. रस्त्यावरच्या गाडीची मूळ फेअरिंग (बाहेरचे आवरण) दिसायला तशीच असली तरी तळाला फटी असतात, त्यामुळे ती चालत नाही. इंजिनच्या श्वासनळीचे आणि रेडिएटरच्या ओव्हरफ्लोचे पाइपही उघडे सोडायचे नसतात, ते बाटलीत किंवा डब्यात नेऊन सोडतात.

यानंतर काढायच्या वस्तू. आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, मागच्या माणसाचे फुटरेस्ट, साइड स्टँड आणि सेंटर स्टँड. साइड स्टँड वळणावर खाली आला तर गाडी उचलून फेकतो. हेडलाइट काढता येत नसेल तर काच टेपने पूर्ण झाकतात, फुटली तरी तुकडे विखरू नयेत म्हणून. चाकाच्या कडेची शिशाची वजनेही टेपखाली जातात. साइड स्टँड काढल्यावर त्याचा सुरक्षा स्विच जोडून घ्यायला विसरले की इंजिन गिअर टाकताच बंद पडते, आणि हे नेमके शर्यतीच्या सकाळी लक्षात येते.

हाताळणीच्या भागांचे नियम मोजमापाचे आहेत. एफआयएमच्या नियमांनुसार ब्रेक व क्लचच्या लिव्हरच्या टोकाचा गोळा किमान १६ मिमी व्यासाचा हवा. रस्त्यावर पडून टोक तुटलेला लिव्हर म्हणजे सुराच. हँडल पूर्ण वळवल्यावर टाकी आणि हँडल यांच्यात किमान ३० मिमी जागा राहावी, म्हणजे अंगठा चेचत नाही. हँडलची टोके बंद हवीत. थ्रॉटल सोडताच आपोआप मिटला पाहिजे, हँडल कोणत्याही दिशेला असो. मागच्या स्प्रॉकेटपाशी (चेनच्या दातेरी चाकापाशी), जिथे चेन खालून आत खेचली जाते तिथे, माशाच्या पराच्या आकाराची ढाल लावतात. पडलेल्या स्वाराची किंवा मदतीला धावणाऱ्या मार्शलची (ट्रॅकवरच्या कर्मचाऱ्याची) बोटे चेनमध्ये जाऊ नयेत म्हणून. नंबराचे फलक, त्यांचे रंग, प्रत्येक फेरीची वेळ नोंदवणाऱ्या ट्रान्सपाँडर या उपकरणाची जागा हे नियमावलीत पाहून करण्याचे काम आहे.

तपासणी शर्यतीच्या दिवशी सकाळी किंवा आदल्या संध्याकाळी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करण्याच्या आवारात, होते. बेली पॅन उतरवलेला ठेवून गाडी रांगेत ढकलत न्यायची. तपासनीस आधी तारांना बोटाने एकेक हिसका देतो. मग पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवतो. स्टिअरिंगच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर टक् असे हाताला लागते. स्टँडवर चढवलेल्या गाडीचे चाक वर-खाली आणि आडवे हलवून चाकाची बेअरिंग पाहतो. चेनचा ताण, ब्रेक पॅडची जाडी, टायरची अवस्था, टायरमधल्या हवेच्या व्हॉल्व्हची धातूची टोपी, इंजिन बंद करणारा लाल स्विच. शेवटी स्वाराचे हेल्मेट आणि चामड्याचा सूट. स्नेल किंवा ईसीई यांसारखे मान्य प्रमाणनचिन्ह आत शिवलेले किंवा चिकटवलेले लागते. हे सगळे दहा मिनिटांत उरकते. गाडी नापास झाली तर कारण सांगून परत पाठवतात, दुरुस्त करून पुन्हा रांगेत यायचे. चांगला तपासनीस नापास करतानाच शेजारच्या तंबूत तार कुणाकडे मिळेल हेही सांगतो. हौशी शर्यतींचा हा फार मोठा गुण आहे.

भारतात मोटारसायकल शर्यतींचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया (एफएमएससीआय) करते. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई इथला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किमीचा ट्रॅक आणि कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे ही इथल्या रोड रेसिंगची मुख्य ठिकाणे. १९९० साली चेन्नईचा ट्रॅक होण्याआधी शर्यती शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर होत. कंपन्यांच्या ‘वन मेक’ स्पर्धांत, म्हणजे सगळ्यांना एकाच प्रकारची गाडी असलेल्या स्पर्धांत, गाडी कंपनीच तयार करून देते, त्यामुळे त्यात उतरणाऱ्या स्वाराला तार ओवण्याची वेळ येत नाही. स्वतःची गाडी घेऊन उतरणाऱ्याला मात्र स्क्रुटिनीला स्वतःच तोंड द्यावे लागते. मुंबई-पुण्याच्या स्वाराला गाडी टेम्पोत घालून हजार किलोमीटरहून जास्त अंतर न्यावी लागते, म्हणून विसरलेली एक क्लिपसुद्धा महागात पडते. लांबवर नेण्याआधी घरच्या गॅरेजमध्येच एखाद्या अनुभवी माणसाकडून तपासणीची तालीम करून घ्यावी. अशी तयार केलेली गाडी पुन्हा रस्त्यावर चालवता येत नाही. दिवे-आरसे नसतात, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करायला मनाई आहे. म्हणून काढलेले सुटे भाग नावे लिहून एका खोक्यात जपून ठेवावेत.

उत्तीर्ण गाडीवर चिकटपट्टी लावतात. ती त्या स्पर्धेपुरती किंवा त्या दिवसापुरती असते आणि गाडी पडली की तिचा अधिकार संपतो. पडलेली गाडी पुन्हा ट्रॅकवर न्यायची तर पुन्हा तपासणी. या वेळी तपासनीस फुटरेस्ट, लिव्हरची टोके, फेअरिंगचे तुटके कोपरे आणि दडलेले खडे पाहतो. हेल्मेट आपटले असेल तर ते वरून कितीही ठीक दिसो, त्या दिवसापुरते तरी बाद होते आणि स्वाराला दुसरे शोधावे लागते.