मोनो-मटेरियल डिझाइन

मोनो-मटेरियल डिझाइन म्हणजे वस्तू किंवा तिचं पॅकिंग शक्यतो एकाच जातीच्या प्लास्टिकमधे बनवायचं, म्हणजे भंगारात गेल्यावर सोलत, सुटं करत बसावं लागत नाही, दळलं की वितळवायला तयार. नाव नवीन वाटतं पण सगळ्यात भारी उदाहरण लग्नाच्या मांडवात रांगेने मांडलेलं असतं, प्लास्टिकची खुर्ची! अख्खी पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपीची, ना स्क्रू ना गोंद, साच्यातून पाय-पाठ-हात सगळं एका शॉटमधे बाहेर. हिला मोनोब्लॉक म्हणतात, फ्रान्सच्या ऑन्री मासोनेची १९७२ ची 'फोतय ३००' ही त्यातली गाजलेली. पाय मोडला तरी भंगारवाला किलोवर घेतो. त्यालाच चिप्सची रिकामी पाकिटं देऊन बघा, फुकट पण नाही घेणार.

कारण पाकिटात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि वेगवेगळी प्लास्टिकं वितळवली तरी नीट एकजीव होत नाहीत, माल ठिसूळ निघतो. पाण्याच्या बाटलीचं पीईटी साधारण २६० अंशाला वितळतं, त्यात चुकून पीव्हीसीचं लेबल गेलं तर ते त्याच्या आधीच जळायला लागतं, ॲसिड सुटतं आणि सगळा घाणा पिवळा पडतो.

तरी एकच प्लास्टिक हा हट्ट दरवेळी लागतोच असं नाही. बाटलीचं झाकण पीपी किंवा एचडीपीईचं (पॉलिइथिलीनचा एक कडक प्रकार) असतं, पण चुरा पाण्यात टाकला की झाकण तरंगतं आणि पीईटी (घनता १.३८ च्या आसपास, पाण्याची १) बुडतं, झालं वेगळं! खरा वैताग घट्ट गोंदाची लेबलं आणि काळा रंग, कारण कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) असलं की सॉर्टिंग मशीनच्या इन्फ्रारेडला ते प्लास्टिक ओळखूच येत नाही.

अवघड केस टूथपेस्टच्या ट्यूबची. जुन्या लॅमिनेटेड ट्यूबमधे मधोमध ॲल्युमिनियमचा पातळ थर, वास आणि चव टिकवायला. कोलगेटने २०१९ मधे रिसायकल होणारी एचडीपीईची ट्यूब आणली, आता एचडीपीई तसं कडक, म्हणून त्याच्याच वेगवेगळ्या ग्रेडचे थर कमीजास्त जाडीने लावून ट्यूब पिळता येईल इतकी मऊ केली. गंमत म्हणजे बाहेरून जुनी-नवी ट्यूब सारखीच दिसते, त्यामुळे कचरा हाताने निवडणाऱ्याला यातली कुठली घ्यायची ते कळायला मार्ग नाही.